पाण्याच्या मागावर कान्हेरीला

मित्रांनो, डिसेंबर उजाडला! मुंबईची थंडी म्हणजे घाईतल्या पाहुण्यासारखी. स्वेटर कपाटातून बाहेर काढेपर्यंत ती निघूनही जाते. तेव्हा ती आहे तोवर एक रविवार पायांना द्यायचाच.

"पण आम्हाला नेणार कोण?" ही तुमची नेहमीची तक्रार. राजमाची लांब, हरिश्चंद्रगड त्याहून लांब, बाबांना आठवड्यात एकच सुट्टी, आजीचे गुडघे दुखतात आणि धाकट्याला अर्ध्या वाटेत कडेवर घ्यावं लागतं. सगळं कबूल. म्हणून आज आपण असा डोंगर निवडलाय, की ज्याच्यासाठी पहाटेची एस.टी. पकडायला नको, तंबू नको, दोर नको. लोकलचं किंवा मेट्रोचं तिकीट पुरे.

घरात मुंबईचा नकाशा असेल तर तो पसरा पाहू. डाव्या हाताला पश्चिम रेल्वे : अंधेरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली. उजव्या हाताला मध्य रेल्वे : घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड. आता बोरिवली आणि मुलुंड यांच्यावर एकेक बोट ठेवा. नकाशात अगदी शेजारी-शेजारी आहेत ना? पण लोकलने बोरिवलीहून मुलुंडला जायचं तर पार दादरपर्यंत खाली उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पुन्हा वर यायचं. असा उलटा घास का घ्यावा लागतो? कारण मध्ये डोंगर बसलाय! नकाशातला तो हिरवा पट्टा म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. जुनी मंडळी अजून 'नॅशनल पार्क' एवढंच म्हणतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल. त्यातलं सर्वांत उंच ठिकाण जांभूळमाळ, उंची ४६८ मीटर. आपल्याला तिथे जायचं नाही, तिकडे जायला परवानगी लागते. आपण जाणार आहोत कान्हेरीच्या लेण्यांना.

"हॅ! कान्हेरी? आमची शाळेची सहल गेली होती की!" असं म्हणणारे निम्मे तरी निघतील. ठीक आहे. सहलीत तुम्ही काय पाहिलंत ते आठवा. बसमधल्या गाण्याच्या भेंड्या, डब्यातली पुरीभाजी, माकडाने कुणाची तरी पळवलेली वेफर्सची पिशवी आणि दोन मोठे बुद्ध. बरोबर? यावेळी आपण वेगळंच काहीतरी बघायला जाणार आहोत. आपल्याला एक कोडं सोडवायचंय.

कोडं असं : मुंबईत पाऊस जूनमध्ये येतो आणि सप्टेंबर सरता सरता जातो. फार तर ऑक्टोबरात एखादी सर. पुढचे आठ महिने आकाशातून थेंब नाही. डोंगरावर नळ नाही, टँकर नाही, बिसलेरी तर नाहीच नाही. आणि तरीही कान्हेरीच्या त्या कातळावर माणसं जवळजवळ हजार वर्षं राहिली. इसवी सनाच्या सुरुवातीच्या आगेमागे इथे खोदकाम सुरू झालं आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत इथे वस्ती होती. मग ती माणसं मे महिन्यात पाणी कुठलं पीत होती?

उत्तर डोंगरावरच कोरून ठेवलंय. चला शोधायला.

आधी जायचं कसं ते सांगतो. बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरलात की उद्यानाचं मुख्य फाटक चालत जाण्याच्या अंतरावर. अंधेरीकरांना गुंदवलीहून मेट्रो मिळते, तिच्या एका स्टेशनचं नावच 'राष्ट्रीय उद्यान' आहे. घाटकोपरवाल्यांनी घाटकोपर-वर्सोवा मेट्रोने 'वेस्टर्न एक्सप्रेस हायवे' स्टेशनला उतरायचं आणि तिथून गुंदवलीची मेट्रो धरायची. २०१४ साली ती पहिली मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपरच्या पोरांचा दादरचा फेरा वाचला. मुलुंडकरांनो, तुम्हाला तर डोंगर खिडकीतून दिसतो, पण त्या बाजूने आपापलं जंगलात शिरायचं नाही. तुम्हीसुद्धा घाटकोपरमार्गेच या.

सोमवारी उद्यान बंद असतं, हे लक्षात ठेवा. फाटकावर तिकीट काढायचं, कान्हेरीला पुरातत्त्व खात्याचं वेगळं तिकीट पडतं. प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं घरीच ठेवून या. स्टीलची बाटली, डब्यात दशम्या नाहीतर ठेपले, चार संत्री, टोपी, एक वही, पेन्सिल आणि सुतळीचा तीन-चार मीटरचा तुकडा. सुतळी कशाला? कळेल पुढे.

फाटकापासून लेण्यांपर्यंत सहा-एक किलोमीटर डांबरी रस्ता आहे, हळूहळू चढत जाणारा. सकाळी लवकर निघालात तर रमतगमत दोन तासांत पोचाल. आजी किंवा धाकटी भावंडं बरोबर असतील तर उद्यानातल्या बसने वर जावं आणि उतरताना झेपेल तेवढं चालावं. चालण्याची पैज लावायची नाही. जो सर्वांत हळू चालतो त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं, हा डोंगरातला पहिला कायदा.

वाटेत गप्पा मारा, पण हळू आवाजात. इथे अडीचशेहून जास्त जातींचे पक्षी नोंदले गेलेत आणि त्यांतला एकही मोबाइलवरच्या गाण्यांना दाद देत नाही. "टुक् टुक् टुक्" असा एकसुरी ठोका कानावर पडला की तो तांबट समजा, कुणीतरी भांडं ठोकत बसल्यासारखा. रस्त्याच्या कडेला मुरडशेंगेची झुडपं दिसतील. तिची वाळलेली शेंग दोरखंडासारखी पिळलेली असते. एकदा पाहिली की ओळख विसरत नाही. मोठी काळी-निळी फुलपाखरं भिरभिरताना दिसली तर ती राणी पाकोळी, २०१५ सालापासून आपल्या महाराष्ट्राचं राज्य-फुलपाखरू. अरे हो, आणि लेण्यांजवळ पाड्यांवरच्या बायका काकड्या, चिंचा, आवळे, बोरं घेऊन बसतात. या जंगलात वारली आणि महादेव कोळी लोकांचे पाडे आहेत. काकडी जरूर घ्या, मीठमसाला लावून. मात्र माकडांना दाखवत दाखवत खाऊ नका, नाहीतर ती तुमची राहणार नाही.

आता लेणी. शंभराहून जास्त आहेत, मोजत बसलात तर संध्याकाळ होईल. काळ्या कातळाचा डोंगर म्हणून कृष्णगिरी, जुन्या लेखांत 'कण्हसेल', आणि त्याचंच पुढे झालं कान्हेरी. सुरुवातीलाच तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आहे. आत ३४ खांब आणि टोकाला स्तूप. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. ओसरीतले ते दोन उभे बुद्ध सुमारे ७ मीटर उंच आहेत. फोटो काढा, पाया पडा, पण तिथेच थांबू नका. सहलीचा घोळका तिथेच थांबतो!

वर चढत जा. पायऱ्याही कातळातच कोरल्यात. बहुतेक लेण्यांपुढे छोटंसं अंगण आहे आणि अंगणाच्या एका कडेला, थोडं आडोशाला, जमिनीलगत एक चौकोनी तोंड दिसेल. आत डोकावा. (दूर उभं राहून, मोठ्या माणसाचा हात धरून!) पाणी दिसतंय? हीच ती पोढी. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. हा शब्द आपला आजचा नाही, दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत तो आहे. कुणी लेणं दान दिलं की बरोबर पोढीही दिली, असं लेखांत कोरून ठेवलंय. आज एखाद्या घरमालकाने "वन रूम किचन, चोवीस तास पाणी" अशी पाटी लावावी, तसंच की हे!

आणि दान देणारे कुठले होते ठाऊक आहे? कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे. कल्याण आणि सोपारा! तुम्ही रोज लोकलच्या पाटीवर वाचता तीच गावं. तेव्हा ती मोठी बंदरं होती, तिथले व्यापारी जहाजांवर पैसा मिळवायचे आणि त्यातला काही या डोंगरावर भिक्खूंच्या पाण्यासाठी द्यायचे.

आता मान वर करा. लेण्याच्या कपाळावर, म्हणजे दाराच्या वरच्या कातळावर नीट बघा. बारीक चर खोदलेले दिसतील, कुठे आडवे, कुठे तिरके. सुरुवातीला दिसणार नाहीत. एक सापडला की मग भराभर सापडतात. या पन्हाळी. पावसाचं पाणी कातळावरून धावत खाली येतं, ते लेण्याच्या दारात पडू नये म्हणून पन्हाळ त्याला बाजूला वळवते आणि अलगद पोढीच्या तोंडाशी आणून सोडते. एका दगडात दोन पक्षी : घर कोरडं, टाकं भरलेलं. जागोजागी पन्हाळी, जागोजागी टाकी. सगळा डोंगरच त्यांनी पागोळीसारखा वापरला.

पोढीचं तोंड लहान आणि पोट मोठं का ठेवलं असेल? घरी जाऊन एक ताटली आणि एक बाटली पाण्याने भरून उन्हात ठेवा आणि दोन दिवसांनी बघा. उत्तर मी सांगत नाही.

आता वही काढा, कारण खरी मजा गणितात आहे. (पाने उलटू नका, सोपं आहे!) एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण दोन हजार मिलिमीटर तरी पाऊस पडतो, बहुतेक वर्षी जास्तच. म्हणजे एका चौरस मीटरवर दोन हजार लिटर. तुमच्या बसायच्या सतरंजीएवढ्या कातळावर! लेण्याच्या वर नुसता दहा चौरस मीटर उताराचा कातळ असला तरी वीस हजार लिटर पाणी घरंगळत येतं.

आता सुतळी. तिच्यावर हातभर अंतरांवर गाठी मारून आणा, म्हणजे मोजपट्टी झाली. एखाद्या पोढीशेजारचं अंगण मोजा, तोंड मोजा. आत सुतळी सोडायची नाही, पाय तर मुळीच सोडायचा नाही. पोट किती मोठं हे अंदाजाने धरायचं. समजा, पोढी आतून दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल आहे. म्हणजे आठ घनमीटर, आठ हजार लिटर. पिण्याला, रांधायला, हातपाय धुवायला एका भिक्खूला दिवसाला दहा लिटर लागतात असं धरू. तीन भिक्खूंना तीस. ऑक्टोबर ते मे आठ महिने, म्हणजे २४० दिवस. तीस गुणिले २४०, बरोबर ७,२००. आठ हजार लिटरची पोढी तिघांना पुढच्या पावसापर्यंत पुरते आणि वर आठशे लिटर शिल्लक! सुटलं कोडं.

आता तेच आठ हजार लिटर तुमच्या घरी आणा. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं असं धरून पाणीपुरवठ्याच्या योजना आखतात. घरात चौघं असाल तर दिवसाला ५४० लिटर. आठ हजारांना ५४० ने भागा. पंधरावा दिवस पुरा व्हायच्या आत खडखडाट! तिघा भिक्खूंचे आठ महिने म्हणजे आपले दोन आठवडे. आई-बाबांना हे गणित तिथेच, कातळावर बसून करायला लावा. बाबा म्हणतील, "अरे, त्यांना फ्लश नव्हता, शॉवर नव्हता, वॉशिंग मशीन नव्हतं." खरं आहे. मग विचारा, यांतलं कुठलं किती पितं? घरी बादलीने मोजता येतं.

खायची सुट्टी. डबा खाऊन झाला की ज्यांच्या पायांत अजून दम आहे त्यांनी क्रमांक ४१ शोधावा. तिथे अवलोकितेश्वराची अकरा तोंडांची मूर्ती कोरली आहे. तोंडं मोजून अकरा भरतात का बघा. ज्यांना बसायचंय त्यांनी क्रमांक ११ मध्ये बसावं. लांबच लांब दगडी ओटे आहेत तिथे, त्याला दरबार म्हणतात. बाहेर ऊन असलं तरी आत कसं गार लागतं, तेही बघा. कुठल्याही भिंतीवर आपलं नाव लिहायचं नाही. ज्यांनी पोढ्या खोदल्या, त्या पाथरवटांपैकी किती जणांनी स्वतःचं नाव लिहिलंय?

कान्हेरी झाली, पण पाण्याचा माग संपला नाही हं.

या डोंगरात आणखी दोन मोठ्या 'पोढ्या' आहेत, पण त्या इंग्रजांच्या काळातल्या. विहार तलाव १८६० साली पुरा झाला आणि तुळशी तलाव १८७९ साली. मुंबईला पाणी देणारे सात तलाव. त्यांतले पाच दूर ठाणे-नाशिकच्या बाजूला आणि हे दोन चक्क मुंबईच्या हद्दीत. तुळशी तर सातांत सर्वांत लहान. पावसाळ्यात वर्तमानपत्रात 'तुळशी भरून वाहू लागला' अशी चौकट येते ना, तो हाच. तिथे आपल्याला जाता येत नाही, पिण्याचं पाणी आहे. भांडुप-मुलुंडच्या मुलांनो, तुमच्याच डोंगराच्या कुशीत, भांडुपला, मुंबईचं पाणी शुद्ध करण्याचं प्रचंड केंद्र आहे. दूरच्या तलावांचं पाणीसुद्धा आधी तुमच्याकडे पाहुणचार घेतं, मग आमच्या नळाला येतं.

उतरताना फाटकाच्या अलीकडे पुलावर थांबा. खाली वाहतेय ती दहिसर नदी. तुळशी तलावाच्या बाजूला उगम पावते आणि सुमारे १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. डिसेंबरात ती बिचारी बारीक झालेली असते. दगडांतून झुळझुळणारं पाणी, काठाला उंबर, मध्येच एखादा खंड्या. वहीत तीन गोष्टी लिहा : पाण्याचा रंग, वास, आणि काठ कशाचा आहे.

मग फाटकाबाहेर या आणि घरी जाण्याआधी बोरिवली किंवा दहिसरमधल्या एखाद्या रस्त्याच्या पुलावरून तीच नदी पुन्हा बघा. तेच तीन प्रश्न. मी तुमच्या वहीत काही लिहून देत नाही. एवढंच सांगतो, की पुष्कळ मुलं म्हणतात, "ही नदी कुठली, हा तर नाला!" नाला नाही. सकाळी तुम्ही जिच्या काठावर उभे होतात तीच ही.

या नदीशी आपल्या घराचं काय नातं, असं वाटत असेल तर आणखी एक गणित करा. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तुमचा जन्मही झाला नव्हता, पण आईला, आजीला, खालच्या वाण्याला विचारा. त्या रात्री आपण कुठे अडकलो होतो हे प्रत्येकाला आठवतं. कुणी कंबरभर पाण्यातून अंधेरीहून चालत गेला, कुणी बसच्या टपावर रात्र काढली. आता कान्हेरीचं सूत्र लावा. ९४४ मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर ९४४ लिटर. तुमच्या इमारतीची गच्ची शंभर चौरस मीटर असेल तर ९४,४०० लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर जवळजवळ साडेनऊ टँकर, एका गच्चीवर, एका दिवसात!

ते जातं कुठे? जंगलात पालापाचोळा असतो, माती असते, मुळं असतात. थोडं मुरतं, थोडं थांबतं, उरलेलं ओढ्यातून हळूहळू उतरतं. डांबरावर आणि फरशीवर थांबायला काही नसतं. सगळं एकदमच नदीकडे धावतं, आणि नदीच्या पोटात भिंती, भराव आणि थर्माकोल. विहार आणि पवईच्या सांडव्यातून जिचा उगम होतो त्या मिठी नदीने त्या दिवशी कुर्ला, कालिना बुडवलं. भिक्खूंना पाण्याला वाट करून द्यायची असते हे ठाऊक होतं. आपल्याकडे वाट अडवणारेच जास्त झाले, हे माझं मत. तुमच्या घरात यावर वाद झाला तर मला आवडेल.

बरं, आता पालकांसाठी दोन शब्द, कारण पुढचा प्रश्न त्यांच्या ओठांवर असणार : "बिबट्याचं काय?" आहेत. लपवायचं कशाला? २०१५ साली जंगलात कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा उद्यान आणि आजूबाजूच्या भागात ३५ बिबटे आढळले. एवढ्या मोठ्या शहराला लागून एवढे बिबटे जगात क्वचितच कुठे असतील. २००४ साली इथे हल्ले झाले, माणसं दगावली. ते विसरायचं नाही. त्यानंतर अभ्यासकांनी आणि वन खात्याने पुष्कळ गोष्टी शिकून घेतल्या. त्यातली आपल्या कामाची ही : बिबट्या माणसाला शोधत येत नाही, कुत्र्याला शोधत येतो. आणि कुत्री येतात उकिरड्यावर. म्हणजे जंगलाच्या कडेला टाकलेली उष्ट्याची पिशवी हे बिबट्याला धाडलेलं आमंत्रणच.

तेव्हा नियम साधे. रस्ता आणि पायऱ्या सोडायच्या नाहीत. दिवस मावळायच्या बराच आधी फाटकाबाहेर. लहान मुलं मोठ्यांच्या मध्ये, हात धरून. झाडीत कुणी एकट्याने जाऊन बसायचं नाही. वाकलेला, बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. दिवसाउजेडी, माणसांच्या वर्दळीत डांबरी रस्त्याने चालणाऱ्या कुटुंबाने घाबरायचं कारण नाही. जंगलातली आतली वाट चालायची हौस असेल तर उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करा. शिलोंड्याची वाट तिथल्या माहीतगार माणसाबरोबरच करता येते. ओढ्याकाठची, सोपी, शाळकरी मुलांना झेपणारी वाट आहे. गोरेगावला फिल्म सिटीच्या पलीकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथेही फेऱ्या निघतात. ही संस्था १८८३ सालची, पक्षीतज्ज्ञ सालिम अलींची. आपापल्या हिमतीने मात्र आत शिरायचं नाही. त्यात शौर्य काही नाही.

ज्यांना एवढा दिवसच काढता येणार नाही, किंवा धाकटा अगदीच धाकटा आहे, त्यांच्यासाठी अंधेरीचा गिल्बर्ट हिल. पश्चिमेला, भवन्स कॉलेजच्या जवळ. एक तासाचं काम. इमारतींच्या गर्दीतून अचानक सुमारे ६० मीटर उंचीचा काळा खांबच वर येतो, उभ्या पट्ट्यापट्ट्यांचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा तो दगड. तळ्यातला चिखल वाळला की त्याला कशा बहुकोनी भेगा पडतात, तसा लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि भेगांतून उभे खांब तयार होतात. असे खांब अमेरिकेत 'डेव्हिल्स टॉवर'ला आहेत, ते पाहायला लोक विमानाने जातात. आपण रिक्षाने जातो. पायऱ्या चढून वर गेलं की गावदेवीचं मंदिर आणि भोवताली अंधेरीच अंधेरी. पायऱ्या उंचसखल आहेत, जपून चढा. निघण्याआधी चालू आहेत ना, हेही विचारून घ्या.

या टेकडीला १९५२ साली सरकारी संरक्षण मिळालं आणि २००७ साली महापालिकेने तिला वारसा यादीत घातलं. जोगेश्वरीच्या बाजूलाही असेच खांब होते म्हणतात. ते फोडून त्यांची खडी झाली. वरून खाली बघताना हा विचार मनात येतोच, की ती खडी आता कुणाच्या भिंतीत असेल.

एक राहिलंच. कान्हेरीच्या उतारावर तुम्हाला खरखरीत पानांची, कमरेपेक्षा उंच झुडपं दाटीने उभी दिसतील. ती कारवी. आता तिच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही. पण ती आठ वर्षांतून एकदाच फुलते, सगळी एकदम, आणि डोंगर जांभळा होतो. २०१६ साली फुलली होती, २०२४ साली फुलली. पुढची पाळी २०३२ साली, पावसाळा सरताना. तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल? वहीत आजची तारीख घाला, ज्या झुडपाशेजारी उभे असाल त्याचं चित्र काढा आणि खाली तो आकडा लिहून ठेवा.

तुमच्या पोढीचं माप, तिच्यातले लिटर आणि ते तुमच्या घराला किती दिवस पुरले, एवढं पत्राने कळवा. नाव, इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका. 'मुंबई' असं लिहू नका, अंधेरी की मुलुंड ते स्पष्ट लिहा. गणित चुकलं तरी छापू, पण लेण्याचा क्रमांक लिहिला नाही तर छापणार नाही. आम्हीही जाऊन मोजणार आहोत!